चार इंग्रजी गाणी आणि अन्वयाची वही

२१ डिसेंबर २०२४ ला मी आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजीत गायले. चौतीस जणांच्या गायकवृंदात, आल्टोच्या, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजाच्या, दुसऱ्या रांगेत उभी राहून. त्याआधीचे सहा महिने चार गाण्यांचे अर्थ लावण्यात गेले, आणि हे लिहिते आहे ते त्या सहा महिन्यांविषयी. मराठी माध्यमात शिकलेलं, कार्यालयातलं इंग्रजी पत्र व्यवस्थित वाचणारं, पण इंग्रजी गाणं लागलं की फक्त चालच ऐकू येणारं कुणी हे वाचत असेल, तर त्यांच्यासाठी.

मी मूळची वाईची. १९९८ पासून पुण्यात आहे, एका पतसंस्थेच्या कर्जविभागात काम करते. थोडं गाणं शिकले होते, ते सुटलं. मे महिन्यात एका मैत्रिणीने गायकवृंदाची सूचना पाठवली आणि मी जाऊन अर्ज आणला. अर्ज दोन प्रतींत, दोन पासपोर्ट फोटो, आधारची झेरॉक्स (सभागृह एका ट्रस्टचं आहे, त्यांच्या रजिस्टरला लागते), सहा महिन्यांचे २,४०० रुपये दोन हप्त्यांत. इथवर ठीक होतं. दुसऱ्या पानावर एक अट होती: गायच्या प्रत्येक ओळीचा अर्थ आपल्या भाषेत लिहून सगळ्यांसमोर वाचून दाखवायचा, अशी तीन वाचनं होतील, आणि ज्याची वाचनं पुरी नाहीत त्याला कार्यक्रमात उभं राहता येणार नाही. गाता येईल का, ही भीती नव्हती. ही अट वाचून मात्र अर्ज चार दिवस पर्समध्ये तसाच राहिला.

८ जूनला आवाजाची चाचणी झाली, सात-आठ मिनिटांत संपली. प्रतीक्षायादीत माझा सहावा क्रमांक लागला. तीन आठवडे काही कळलं नाही, मी आशा सोडली होती. २९ जूनला निरोप आला आणि ६ जुलैच्या शनिवारी पहिली तालीम. आमच्या संचालिका मूळच्या म्हापशाच्या, वय सत्तरीपार. सगळे त्यांना मिस म्हणतात. त्यांनी चार गाणी सांगितली: अमेझिंग ग्रेस, अबाइड विथ मी, डॅनी बॉय आणि ऑल्ड लँग साइन. सगळी जुनीच का, असं एकाने विचारलं. त्यांनी सरळ हिशेब मांडला. आपल्याकडे गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो; त्यापुढची गाणी तिकीट लावून गायली तरी शब्दांसाठी कुणाची परवानगी लागत नाही. डॅनी बॉयचे शब्द लिहिणारे फ्रेडरिक वेदर्ली १९२९ मध्ये वारले, आणि चौघांत तेच सगळ्यात अलीकडचे.

पहिली चूक मी पहिल्याच आठवड्यात केली. गाण्यांचे शब्द मोबाइलवर शोधले, जे पहिलं पान उघडलं ते छापून घेतलं. तालमीत कळलं की माझ्या कागदावर दोन ओळी वेगळ्याच आहेत. अशा पानांवर शब्द बऱ्याचदा कुणीतरी ऐकून उतरवलेले असतात, त्यामुळे अर्थ लागत नाही तेव्हा दोष वाचणाऱ्याचाच असतो असं नाही. जुन्या गाण्यांची छापील पुस्तकं किंवा मूळ पुस्तकांची छायाचित्रं जालावर मोफत मिळतात. अर्थाला हात घालण्याआधी शब्द पक्के करून घ्यावेत. मी ते नंतर केलं आणि दोन आठवडे वाया घालवले.

अप्पा बळवंत चौकातून जुना, जाड इंग्रजी शब्दकोश ३५० रुपयांना घेतला. दोनशे पानी वही घेतली. इंग्रजी ओळ लिहायची, प्रत्येक शब्दाखाली मराठी शब्द लिहायचा, असं सुरू केलं. ऑफिसातून आल्यावर रोज पाऊण तास. २५ जुलैला पुण्यात पावसाने हाहाकार केला, २७ ची तालीम रद्द झाली, तेवढा एक आठवडा जास्त मिळाला. ३ ऑगस्टला पहिलं वाचन. मी अमेझिंग ग्रेसच्या पहिल्या दोन ओळी वाचल्या: अद्भुत कृपा, किती गोड तो आवाज, ज्याने माझ्यासारख्या अभाग्याला वाचवलं.

मिसनी विचारलं, "कुणी वाचवलं?"

मी म्हटलं, "आवाजाने."

"पुन्हा लिहून आणा," त्या म्हणाल्या. रागाने नाही, पण समजावूनही दिलं नाही. वाचन अपुरं अशी खूण माझ्या नावापुढे पडली. घरी येताना बसमध्ये मला रडू आलं. पन्नाशीला आलेल्या बाईने एका ओळीसाठी रडावं, याचं मलाच नवल वाटलं. पण एकेका शब्दाचा अर्थ माझ्याकडे होता आणि ओळीचा नव्हता, हे त्या दिवशी स्वच्छ दिसलं.

वाट सापडली ती शाळेतल्या आठवणीत. आठवीला आम्हाला मोरोपंत होते. शिकवणारे सर कधीही शब्दार्थापासून सुरुवात करत नसत. ते म्हणायचे, "आधी अन्वय." कवीने वृत्तासाठी शब्द इकडेतिकडे केलेले असतात, आधी क्रियापद शोधायचं, मग त्याला विचारायचं, कोण? मग विचारायचं, काय, कुणाला? मग विशेषणं आपापल्या नामाकडे पाठवायची. ओळ गद्यात सरळ उभी राहिली की अर्थ बघायचा. मी त्या रात्री वहीचं पान उलटलं आणि वर लिहिलं: अन्वय.

ओळी अशा: 'अमेझिंग ग्रेस, हाऊ स्वीट द साउंड, दॅट सेव्ह्ड अ रेच लाइक मी'. पहिलं क्रियापद, सेव्ह्ड. कोण? दॅट. हा दॅट कुणाच्या जागी आला आहे? त्याच्या लगेच आधी साउंड आहे, म्हणून मी तो तिथे जोडला होता. हे गीत जॉन न्यूटन यांनी लिहिलं. ते आधी गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजाचे कप्तान होते, नंतर धर्मोपदेशक झाले. गीत छापलं गेलं १७७९ मध्ये. त्या पुस्तकाच्या पानाचं छायाचित्र मला सापडलं, आणि तिथे 'हाऊ स्वीट द साउंड' एवढे शब्द चक्क कंसात आहेत! म्हणजे कृपा हा शब्दच कानाला किती गोड, असा तो मध्येच आलेला उद्गार. कंस उचलून बाजूला ठेवला की उरतं: अद्भुत कृपा, जिने माझ्यासारख्या पतिताला तारलं. अभागी नव्हे, पतित. वाचवलं नव्हे, तारलं. हे दोन शब्द आपल्या संतांनी कधीचे तयार करून ठेवलेत.

पुढच्या एका ओळीत 'ग्रेस माय फिअर्स रिलिव्ह्ड' असं येतं. इंग्रजीत कर्ता, क्रियापद, कर्म असा क्रम असतो, असं आपल्याला घोकवलेलं, म्हणून मी तिथे अडखळले होते. क्रियापद रिलिव्ह्ड. कोणी? ग्रेसने. काय? माय फिअर्स. कृपेने माझी भीती घालवली. हा तर मराठीचाच क्रम आहे, कर्ता, कर्म, क्रियापद! इंग्रजी गद्यात जे उलटं वाटतं ते गाण्यात अनेकदा आपल्याला सरळ पडतं.

शेवटच्या कडव्यावर आठवडा गेला. 'व्हेन वुई हॅव बीन देअर टेन थाउजंड इयर्स'. मी लिहिलं होतं, आम्ही तिथे दहा हजार वर्षं राहिलो आहोत. पण स्वर्गात अजून कुणी गेलेलंच नाही. इथे 'जेव्हा' या अर्थाचा व्हेन आहे, आणि अशा व्हेनच्या किंवा इफच्या मागून येणाऱ्या वाक्यात इंग्रजी भविष्यासाठी विल वापरत नाही, वर्तमानाचीच रूपं वापरते. म्हणून: तिथे आमची दहा हजार वर्षं होऊन गेली असतील, तेव्हाही. हा एक नियम वहीत लाल शाईने लिहून ठेवा, तो पुन्हापुन्हा लागतो. (हे कडवं न्यूटन यांचं नाही, १८५२ च्या एका अमेरिकन कादंबरीत ते या गीतात जोडलेलं दिसतं.)

सहज तारखा पाहिल्या. न्यूटन यांचा जन्म १७२५ चा, मोरोपंतांचा १७२९ चा. एक लंडनचा, एक बारामतीत राहिलेला, आणि दोघे एकाच काळात आपण पतित आहोत म्हणून देवाला हाक मारत होते. अमेझिंग ग्रेसची नेहमीची चाल सा रे ग प ध या पाच स्वरांतली, भूपाचेच स्वर. त्यानंतर ते गाणं मला परकं वाटलं नाही.

गणेशोत्सवात, ७ ते १७ सप्टेंबर, तालमी बंद होत्या. त्या सुट्टीत मी अबाइड विथ मी घेतलं. हेन्री फ्रान्सिस लाइट यांनी ते १८४७ च्या सुमारास पूर्ण केलं आणि १८४७ मध्येच ते वारले, क्षयाने. चाल बहुतेकांनी ऐकलेली असते: २९ जानेवारीला दिल्लीत लष्करी बँडचं बीटिंग रिट्रीट होतं तिथे ती वर्षानुवर्षं वाजायची, २०२२ मध्ये काढली. गांधीजींना हे गीत फार प्रिय होतं. मला अडवलं पहिल्याच शब्दाने. शब्दकोशात अबाइडचा पहिला अर्थ सहन करणे. दुसरा, नियम पाळणे. तिसरा, राहणे. माझ्यासोबत राहा. बरोबर आहे, पण ओळ निर्जीव.

आमच्या मजल्यावरच्या काकू मराठी चर्चमध्ये जातात. मी वही घेऊन त्यांच्याकडे गेले. त्या म्हणाल्या, "अगं, हे लूकच्या शुभवर्तमानातलं आहे." दोन शिष्य वाटेने चाललेले असतात, पुनरुत्थित येशू त्यांच्यासोबत चालतो, पण ते त्याला ओळखत नाहीत. गाव येतं, तो पुढे निघायला लागतो. तेव्हा ते त्या अनोळखी वाटसरूला आग्रह करतात की दिवस कलला आहे, आज आमच्याकडेच राहा. काकूंनी हे सांगितलं आणि मला शब्द सापडला: मुक्काम. दिवेलागण झाली, आता पुढे जाऊ नकोस, आज माझ्याकडे मुक्काम कर. वाईच्या आमच्या घरी ही वाक्यं मी शेकडो वेळा ऐकली आहेत, आल्यागेल्याला म्हटलेली. 'फास्ट फॉल्स द इव्हनटाइड' चा अन्वय मग चुटकीसरशी लागला: क्रियापद फॉल्स, कोण? इव्हनटाइड, सांज. कशी? फास्ट, भराभर. सांज भराभर उतरते आहे.

त्याच गाण्यात देवाला दाऊ म्हटलं आहे आणि क्रियापद चेंजेस्ट असं येतं. ही जुन्या इंग्रजीतली तू ची रूपं. आज इंग्रजीत सगळ्यांना एकच यू, पण पूर्वी तिथेही तू वेगळा होता, आणि प्रार्थनेत देवासाठी तोच राहिला. आपण विठ्ठलाला कधी अहो म्हणतो? वाचनात मी देवाला 'आपण' केलं असतं तर सगळं बिघडलं असतं. २१ सप्टेंबरचं दुसरं वाचन पहिल्याच फेरीत पूर्ण झालं, आणि मागची अपुरी खूणही मिसनी खोडली. त्याच दिवशी दुसरा हप्ता, १,२०० रुपये, भरला.

डॅनी बॉय मी शेवटी ठेवलं असतं तर बरं झालं असतं, इतकं ते मनात घुसलं. चाल उत्तर आयर्लंडची. लिमाव्हाडी गावात जेन रॉस या बाईंनी ती टिपून घेतली, १८५५ मध्ये छापली गेली. शब्द १९१३ मध्ये छापलेले, वेदर्लींचे, आणि ते इंग्लंडमधले वकील होते. कुणीतरी डॅनी नावाच्या मुलाला निरोप देतं आहे, एवढं नक्की. कोण, ते गाणं सांगत नाही.

यात व्याकरणाच्या तीन जागा आहेत जिथे माझ्यासारखी माणसं हमखास अडतात. एक, नामाला चिकटलेला तो छोटासा अपॉस्ट्रॉफी आणि एस. तो प्रत्येक वेळी षष्ठीचा नसतो. 'समर्ज इन द मेडो' म्हणजे कुरणात उन्हाळा असतो तेव्हा; तिथे इज आटून बसलेला आहे. दोन, गाळलेलं क्रियापद. गुलाब फॉलिंग असं नुसतं येतं, आर नाही. चालीत मावलं नाही की इंग्रजी कवी सर्वात आधी असले सहायक शब्द टाकतो. अन्वय लिहिताना ते परत ठेवायचे. आणि तीन, 'टिज यू मस्ट गो अँड आय मस्ट बाइड'. टिज म्हणजे इट इज. जायचं आहे ते तुला, असा त्या 'तुला' वर जोर. मराठीत त्यासाठी वेगळी रचनाच लागत नाही, एक च पुरतो: तुलाच जायचं आहे, मला मागे राहायचं आहे. बाइड हा अबाइडचा सख्खा भाऊ. एका गाण्यात देवाला राहा म्हटलं, दुसऱ्यात माणूस स्वतः राहतो.

पुढे ओळ येते, तू येशील तेव्हा मी मेलेली असेन, तसं होणं फार शक्य आहे. तिथे माझी लेखणी थांबली. व्हेन यी कम, इफ आय ॲम डेड: वर्तमानकाळ, अर्थ भविष्याचा, तो लाल शाईचा नियम. अडचण वेगळीच होती. तोवर मी सगळं मी राहीन, मी ऐकेन असं लिहीत आले होते. भविष्यकाळात मराठीत 'मी' स्त्री की पुरुष, कळत नाही. पण मेलेला लिहू की मेलेली? इंग्रजीने अख्ख्या गाण्यात जे उघड केलं नाही, ते मराठीने या एका शब्दाशी मला विचारलं. वृंदातल्या एका आजोबांनी बापाचं गाणं म्हणून मेलेला लिहिलं होतं. एका मुलीने 'मी नसेन' लिहून लिंग टाळलं, आणि मिसना ते आवडलं. मी मेलेली लिहिलं आणि ते खोडलं नाही.

कारण लिहिताना माझ्यासमोर ताई होती. १९९८ मध्ये मी नोकरीसाठी पुण्याला आले, ती आईवडिलांपाशी वाईला राहिली. लग्न केलं नाही. दोघांचं शेवटपर्यंत तिने केलं. निरोपाची गाणी मी आजवर नेहमी जाणाऱ्याच्या बाजूने ऐकली, कारण जाणारी मी होते. हे गाणं सगळं राहणाऱ्याच्या तोंडी आहे. रात्री साडेदहाला मी तिला फोन लावला आणि गाण्याचा अन्वय वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझा कार्यक्रम कधी आहे? मी येते."

एक शब्द सांगायचा राहिला. शेवटाकडे 'से ॲन आव्हे' असं येतं. मला ती छपाईची चूक वाटली होती. तो मोठ्या अक्षराने सुरू होतो, आणि ती कॅथलिक लोकांची आव्हे मारिया ही प्रार्थना आहे. शब्द मोठ्या अक्षराने सुरू होत असेल तर शब्दकोश मिटून आधी माणसाला विचारावं. मिसनी ती प्रार्थना आम्हाला कोंकणीत म्हणून दाखवली.

डॅनी बॉय आणि ऑल्ड लँग साइनचं वाचन एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर. हे रॉबर्ट बर्न्स यांनी १७८८ मध्ये स्कॉट बोलीत लिहून पाठवलं. साधा इंग्रजी शब्दकोश इथे निरुपयोगी आहे, कारण शब्द ओळखीचे दिसतात आणि फसवतात. बर्न म्हणजे जळणे नव्हे, ओढा. स्कॉट भाषेचे कोश जालावर मोफत आहेत, तेच वापरावेत. शुड ऑल्ड अक्वेंटन्स बी फरगॉट: हा प्रश्न आहे, आणि आपला विध्यर्थ त्याला नेमका बसतो, जुनी ओळख विसरावी का? 'सीज बिट्वीन अस ब्रेड हे रोअर्ड' मध्ये ब्रेड म्हणजे रुंद, तो समुद्राचा. 'हे' हा शब्द म्हणजे हॅव. आपल्या दोघांमध्ये अफाट समुद्र गर्जत राहिले आहेत. आधीच्या ओळीत दोघं लहानपणी ओढ्यात खेळलेले, आणि लगेच हे. शेवटचा शब्द साइन, झाइन नव्हे. आमच्यातले निम्मे झाइन म्हणत होते. हे गाणं म्हणताना एकमेकांचे हात गुंफतात, ते शेवटच्या कडव्यात, पहिल्यापासून नाही.

तिसरं वाचन पूर्ण झालं. नोव्हेंबरभर फक्त गाणं. फी, कोश, ६० रुपयांची वही आणि झेरॉक्स धरून सगळा खर्च तीन हजारांच्या आत राहिला. साडी घरचीच क्रीम रंगाची चालली. तीन तालमी बुडाल्या की नाव कमी होतं, माझ्या दोन बुडाल्या, मार्चअखेर असती तर जमलं नसतं. नवी नोंदणी मे महिन्यात होते. ज्यांना अर्थ लावायचा आहे पण गायचं नाही, त्यांनी एकच गाणं घेऊन महिनाभर अन्वयाची वही चालवून बघावी. महिन्याला एक गाणं पुरतं, दोन घेतली की शब्दार्थाकडे पाय वळतात.

२१ डिसेंबरला ताई चौथ्या रांगेत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारगेटला तिला सोडायला गेले. वाईची बस लागलेली होती. ती खिडकीत बसली आणि म्हणाली, "ते राहण्याचं कुठल्या ओळीत होतं गं? गाताना कळलं नाही मला."

"पहिल्या कडव्याच्या शेवटी," मी म्हटलं.

तिने पिशवीतून पेन काढून दिलं. कंडक्टर येईपर्यंत मी तिच्या तिकिटाच्या मागे ती ओळ देवनागरीत लिहिली, आणि खाली अन्वय.